निळ्या रंगावरचे पांघरूण

जून महिना उजाडला की पूर्वी घरोघरी खाकी कागदाचा वास दरवळत असे. नव्या पुस्तकांना कव्हरे घालण्याचा तो एक सोहळाच होता. पुस्तक वर्षभर टिकावे हा त्यातला उघड हेतू. पण वर्ष संपल्यावर ते पुस्तक धाकट्या भावंडाला किंवा शेजाऱ्याच्या मुलाला द्यावयाचे असे, हे खरे कारण. पुढे घरात दूरचित्रवाणी संच आला, त्यावर भरतकामाचा रुमाल आला. फ्रिज आला, त्याच्या मुठीला झबले आले. सोफा आला, आणि त्याचे प्लॅस्टिक कित्येक घरांत पाच-पाच वर्षे निघाले नाही. उन्हाळ्यात पाहुणे त्या प्लॅस्टिकला घामाने चिकटून बसत, आणि आतले कापड कोणत्या रंगाचे आहे हे घरातल्या लहान मुलांना ठाऊकही नसे. खाकी कागद आणि सोफ्याचे प्लॅस्टिक ही दोन्ही आवरणेच. पण एक वस्तू वापरता यावी म्हणून घातलेले, आणि दुसरे वस्तू वापरली जाऊ नये म्हणून ठेवलेले. हा फरक आमच्या लक्षात यावयास मात्र अंगणात मोटार यावी लागली.

ही मोटार आमच्या कन्येने घेऊन दिली. ती आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. रात्रपाळ्या करून शिल्लक टाकलेल्या पैशांतून तिने आम्हां उभयतांसाठी गाडी नोंदविली, आणि रंगही तिनेच निवडला, गडद निळा. पांढरी गाडी आठवड्यात मिळेल, निळ्या गाडीला सहा आठवडे थांबावे लागेल, असे विक्रेत्याने सांगितले, तरी ती ऐकेना. कारण आम्हांला मागाहून कळले. आमच्या जुन्या कौलारू घराची दारे-खिडक्या अशाच निळ्या तैलरंगाची होती. दर नाताळापूर्वी भिंतींना चुना आणि दारांना तो निळा हात, हा नेम कधी चुकला नाही. घर पाडून नवे बांधले त्या वेळी सुताराने एक फळी तासली, तर निळ्याखाली निळा असे कितीतरी थर निघाले. एखाद्या झाडाची वर्षवलये मोजावीत तशी कन्येने ती मोजली होती म्हणे. आम्हांला ते आठवतही नाही.

दाराला दरसाल नवा हात मारता येतो. मोटारीच्या रंगाचे तसे नाही. कारखान्यात पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट चढवितात. हे सारे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दोन केस एकावर एक ठेवावेत एवढेसुद्धा हे कवच नाही, आणि त्यातला क्लिअर कोट तर ४०-५० मायक्रॉनच. दर वेळी पॉलिश मारताना त्यातलाच काही भाग घासून जातो. कारखान्याच्या भट्टीत भाजलेला तो मूळ रंग एकदा गेला की पुन्हा तसा होत नाही. डेंटिंग-पेंटिंगवाला कितीही हुशार असो.

गाडी येऊन आठ दिवस झाले नसतील, तोच घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव म्हणाले, “पप्पा, निळा रंग आता जुनाट वाटतो. वरून करड्या रंगाचे व्हिनाइल लावू या. खालचा रंगही सुरक्षित राहील, आणि गाडी नवीन दिसेल.” गाडी नवीनच होती, हे त्यांच्या ध्यानी आणून देण्याचा आम्ही प्रयत्न केला. आमच्या पुतण्याचे मत निराळे. तो म्हणाला, “काका, व्हिनाइल नको, पीपीएफ लावा. पारदर्शक असते, दगड लागला तरी रंगाला काही होत नाही.” सौभाग्यवतींनी दोघांचे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, पोरीच्या कष्टाच्या गाडीवर आणखी लाख रुपयांची पासोडी कशाला?” हा तिसरा पक्ष. प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर आधी माहिती काढणे भाग होते. वसई, विरार आणि थेट बोरीवलीपर्यंत आम्ही तीन दुकाने पालथी घातली. पुतण्या बरोबर होता, त्यामुळे बोलणी बरीचशी त्यांच्या भाषेत झाली.

या दोन्ही वस्तू दिसावयास भावंडे. पण त्यांची जन्मकथाच वेगळी आहे. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. हे मुळात कडक आणि ठिसूळ द्रव्य. अमेरिकेतील वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने १९२६ साली त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळली, आणि ते लवचिक झाले. पुढे त्याचे पातळ रंगीत पापुद्रे निघाले. जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. हस्तिदंती मोटार नंतर विकत घेणार कोण? म्हणून तेथील टॅक्सीवाल्यांनी पुढे युक्ती काढली: गाडी मनाजोगत्या रंगाची घ्यावयाची, वर हस्तिदंती पापुद्रा चढवावयाचा, आणि विकताना तो सोलून काढावयाचा. बसच्या अंगावर ज्या जाहिराती आपण पाहतो, तेही याच कुळातले. दिसणे हा व्हिनाइलचा धर्म. रक्षण करणे हा त्याचा जोडधंदा.

पीपीएफ, म्हणजे रंगरक्षक फिल्म, मात्र मार खाण्यासाठीच जन्माला आली. १९६० च्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती उडणाऱ्या वाळूने आणि खड्यांनी झिजत. त्यांच्या कडांना थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिवट पट्टी लावली. तीच पट्टी पुढे शर्यतीच्या मोटारींवर आणि नंतर तुमच्या-आमच्या मोटारींवर आली. पॉलियुरेथेन रबरासारखे ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते. म्हणून खडा आदळला की त्याचा धक्का ते स्वतः पिऊन टाकते. आजच्या फिल्मवर आणखी एक पातळ थर असतो. त्याला उष्णता मिळाली की वरवरचे बारीक ओरखडे भरून येतात. दुकानदाराने आमच्या देखत नमुन्याच्या तुकड्यावर पितळी ब्रश घासला, वर गरम पाणी ओतले, आणि ओरखडे दिसेनासे झाले. आम्ही थक्क झालो. मात्र त्यानेच प्रामाणिकपणे सांगितले, “काका, किल्लीने खोल कापले तर कोणतेही पाणी ओता, काही होणार नाही.” याच माणसाकडे काम द्यावयाचे, हे आमचे तेव्हाच अर्धेमुर्धे ठरले.

जाडीचा हिशेब पाहा. चांगले व्हिनाइल सुमारे ८० ते १०० मायक्रॉन, पीपीएफ १५० ते २०० मायक्रॉन. ऊन, धूळ, पुसताना पडणाऱ्या बारीक रेषा, एवढे व्हिनाइल झेलते. खडा मात्र त्याला भेदून रंगापर्यंत पोहोचतो. व्हिनाइलमध्येही दोन जाती आहेत. एका जातीत द्रव पसरून, वाळवून पापुद्रा करतात. त्याला कास्ट म्हणतात. दुसऱ्या जातीत पोळी लाटावी तसे रुळांखाली लाटून काढतात, ते कॅलेंडर्ड. लाटलेल्या पापुद्र्याच्या अंगात ताण राहतो, आणि उन्हात तापला की तो आपल्या मूळ आकाराकडे आक्रसू लागतो. मग बंपरच्या वळणावर, आरशाच्या कडेला तो सुटतो. सपाट पाटीसाठी तो ठीक. मोटारीच्या वळणांना कास्टच हवे. पीपीएफच्या बाजारातही अशीच फसगत होऊ शकते. स्वस्त म्हणून दाखविली जाणारी काही फिल्म पॉलियुरेथेनची नसून पीव्हीसीचीच असते, नाव मात्र पीपीएफ. ती लवकर पिवळी पडते आणि कडक होते. खोक्यावर टीपीयू लिहिले आहे का, आणि हमीपत्र उत्पादकाचे आहे की केवळ दुकानदाराचे, हे दोन प्रश्न वाचकांनी जरूर विचारावेत. आम्ही विचारले, तेव्हा एका दुकानातला उत्साह एकदम मावळला.

पण या साऱ्या विद्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न सौभाग्यवतींनीच विचारला. “आपल्या गाडीला मुळात होते काय?” मग एका संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसून तिच्या शत्रूंची मोजदाद केली. अंगणात देशी बदामाचे झाड आहे. रात्री वटवाघळे येतात, फळे चोखतात आणि जांभळट डागांचा सडा टाकून जातात. सकाळचे ऊन चढण्याआधी तो धुतला नाही तर क्लिअर कोटवर ठसा उमटतो. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचा चीक. कावळ्यांचे तर बोलावयास नको. विहिरीचे पाणी मचूळ, गाडी धुऊन तशीच उन्हात ठेवली की पांढरे ठिपके उठतात. वाडीतून जाणारी वाट अरुंद. समोरून टेम्पो आला की वईत शिरावे लागते, आणि मेंदीच्या काटक्या दारांवर रेषा ओढतात. महामार्गावर डंपरच्या मागे सापडलो तर खडीचा मारा. रविवारी चर्चच्या आवारात शेजारच्या गाडीचे दार आपल्या दाराला लागते ते वेगळेच.

यातल्या डागांना, चिकाला, काटक्यांच्या रेषांना दोन्ही आवरणे कमी-अधिक पुरी पडतात. खडीला पीपीएफच हवी. दार आदळून पत्र्याला पोचा पडला तर दोन्ही निरुपयोगी. आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचे काय? हा आमचा मोठा शत्रू, असे आम्ही समजत होतो. दुकानदार हसला. म्हणाला, “काका, गंज वरून येत नाही, खालून येतो.” खारी हवा शिरते ती चाकांच्या कमानीत, दारांच्या तळच्या फटींत, बुडाच्या सांध्यांत, जेथे चिखल साचून राहतो तेथे. तेथे ना व्हिनाइल जाते ना पीपीएफ. आमच्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, बूड खरवडतात आणि तेथेच रंगाचा हात देतात. वरच्या नक्षीची काळजी नंतर. मोटार बाळगणाऱ्यांनी हे त्यांच्यापासून शिकावे. पावसाळ्याआधी बुडाला गंजरोधक लेप आणि पावसाळ्यानंतर बुडाची गोड्या पाण्याने धुलाई, यावर खर्च केलेला रुपया कोणत्याही फिल्मपेक्षा अधिक काम करतो, असे आमचे ठाम मत झाले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला कोणी सांगितली नव्हती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि आम्ही गाडी तोवर ठेवणारच. आम्ही काही टॅक्सीवाले नव्हे. आवरण मात्र तितके टिकत नाही. आमच्याकडच्या उन्हात व्हिनाइल तीन ते पाच वर्षांत थकते, टप आणि बॉनेटवर तर आधीच. त्यातली मऊपणा देणारी द्रव्ये उडून जातात आणि ते पापडासारखे होते. चांगल्या पीपीएफची हमी पाच ते दहा वर्षांची. म्हणजे आवरण केव्हातरी काढावे लागणारच. वेळेवर, ऊब देऊन, हळूहळू सोलले तर कारखान्याच्या रंगाला सहसा धक्का लागत नाही. पण पापड झालेले व्हिनाइल तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डिंक मागे ठेवते. आणि जेथे रंग बाहेर गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला असेल, तेथे आवरणाबरोबर रंगही उचलला जाण्याचा धोका असतो. तेव्हा ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे, त्यांनी आधी कोणते पॅनेल पुन्हा रंगविलेले आहे हे मायक्रॉन मोजणाऱ्या यंत्राने पाहून घ्यावे. ताजा रंग असेल तर तो पुरता सुकेपर्यंत निदान महिनाभर थांबावे.

कायद्याचीही एक बाजू आहे. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीच्या रंगाची नोंद असते. निळी गाडी पूर्ण करडी करावयाची, तर आरटीओकडे जाऊन ती नोंद बदलून घ्यावी. नाहीतर नाक्यावर निळ्या गाडीचे कागद घेऊन करड्या गाडीत बसलेल्या माणसाला काय प्रश्न विचारले जातील याची कल्पना करावी. पारदर्शक पीपीएफला हा जाच नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी “फिल्मला बंदी आहे” म्हणून आम्हांला घाबरविले होते. सर्वोच्च न्यायालयाचा २७ एप्रिल २०१२ चा तो निकाल गाडीच्या काचांवरील काळ्या फिल्मविषयी होता, रंगावरील फिल्मशी त्याचा संबंध नाही, हे त्यांना पटवावयास आम्हांला दोन कप चहा लागला.

आता पैशांची बाजू. आम्हांला मिळालेले दर असे: संपूर्ण गाडीला कास्ट व्हिनाइल साठ हजारांच्या आसपास, संपूर्ण टीपीयू फिल्म सव्वा लाख. चिरंजीव व्हिनाइलवर अडून होते. आम्ही आयर्लंडला व्हिडिओ फोन लावला. कन्येने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “पप्पा, निळा दिसू दे.” व्हिनाइलचा प्रश्न तेथेच मिटला. ज्या रंगासाठी एका माणसाने सहा आठवडे वाट पाहिली, त्यावर दुसऱ्या रंगाची चादर ओढणे हे गाडी जपणे नव्हे, असे आम्हांलाही वाटत होते. ते बोलून दाखविण्याचे धैर्य तिच्यामुळे आले.

तरीही पीपीएफचा निर्णय सोपा नव्हता. अडचण निघाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. आमच्या गावात मोटार ही एका घराची नसते. रात्री-अपरात्री कोणाला रुग्णालयात न्यावयाचे, कोणाच्या आजीला डोळ्यांच्या तपासणीला न्यावयाचे, आणि लग्नसराईत नवरीला चर्चपर्यंत न्यावयाचे, तर ज्याच्या अंगणात बरी गाडी असेल त्याच्याकडे लोक येतात. पुतण्या म्हणाला, “काका, सव्वा लाखाची फिल्म लावल्यावर लग्नाला गाडी देऊ नका. फुलांसाठी चिकटपट्ट्या लावतात. ओढून काढताना फिल्मची कड उचलते.” सौभाग्यवती एकदम उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ज्या पांघरुणामुळे शेजाऱ्याला नाही म्हणावे लागते, ते मला नको. आपल्या पोरीच्या लग्नात गाडी कोणाची होती, विसरलात?” आम्ही विसरलो नव्हतो. ती ज्यांची होती त्यांच्याच धाकट्या मुलीचे लग्न मे महिन्यात ठरले होते.

सोफ्याचे प्लॅस्टिक आम्हांला आठवले ते तेव्हा. आम्ही ही अडचण त्या प्रामाणिक दुकानदारासमोर जशीच्या तशी मांडली. तो म्हणाला, “काका, सगळी गाडी झाकूच नका. मार खातो तो पुढचा भाग.” त्याने बोटांवर मोजून दाखविले: पुढचा बंपर, पूर्ण बॉनेट, दोन्ही फेंडर, आरशांच्या पाठी, दारांच्या कडा, मुठींमागच्या खोलगट जागा जेथे नखे घासतात, आणि डिकीचा ओठ जेथे सामान चढविताना ओरखडे पडतात. अर्धेच बॉनेट झाकले तर मध्ये धुळीची रेघ दिसते, म्हणून ते पूर्ण. बाकी अंगाला नियमाने धुणे, मऊ कापड आणि दर तीन-चार महिन्यांनी मेण. खर्च अडतीस हजार. लग्नासाठी त्याने उपायही सांगितला: फुलांचे गुच्छ जाळीला आणि दारांच्या फटींतून ओवलेल्या रिबिनीला बांधावेत, बॉनेटवर हवे असतील तर रबरी चूषकावर ठेवावेत, चिकटपट्टी फक्त काचेवर.

काम दीड दिवस चालले. गाडी आधी चिकणमातीच्या वडीने घासून खड्यासारखी स्वच्छ केली, कारण फिल्मखाली राहिलेला धुळीचा कण कायमचा राहतो. तुकडे संगणकावरच्या आराखड्याप्रमाणे आधीच कापून आणले होते. हे आम्ही मुद्दाम ठरवून घेतले होते. काही ठिकाणी फिल्म गाडीवर ठेवून पात्याने कापतात, आणि पाते जरा खोल गेले तर ज्याला वाचवावयाचे तोच रंग कापला जातो. साबणाचे पाणी फवारून कारागिरांनी फिल्म तरंगती ठेवली आणि रबरी पट्टीने आतले पाणी बाहेर लोटले. तरुण मुले होती, बिहारहून आलेली. बॉनेटवरून त्यांचा हात फिरे तो न्हाऊ घालणाऱ्या सुईणीसारखा. पहिले काही दिवस फिल्मखाली ओलाव्याचे धुरकट ठिपके दिसत होते. दोन आठवड्यांत ते आपोआप गेले.

चिरंजीवांची हौस अगदीच बुडाली नाही. त्यांनी आपल्या जुन्या स्कूटरच्या बाजूच्या पॅनेलना करडे व्हिनाइल लावून घेतले. जुने ओरखडे आणि पोचे त्यातून अधिकच उठून दिसतात, पण दुरून स्कूटर देखणी वाटते हे आम्ही कबूल करतो.

मे महिन्यात गाडी दोन लग्नांना जाऊन आली. बॉनेटवर फुलांच्या देठांनी काढलेल्या चार-पाच बारीक रेषा होत्या. दोन दिवसांच्या उन्हात त्या विरल्या. मागच्या डाव्या दारावर, जेथे फिल्म नाही, तेथे कोणाच्या तरी अंगठीचा एक ओरखडा आला आहे, बोटभर लांब. गाडीच्या रंगाचा क्रमांक दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. तो सांगून आम्ही टच-अपची लहान बाटली आणली, आणि सौभाग्यवतींनी, जुन्या घराच्या दारांना हात देत तशाच सावकाशीने, काडीच्या टोकाने त्यात निळा भरला.